दुर्लक्ष ही संपादनपद्धती नव्हे

संगणकावर मराठी ग्रंथसंहितांचे काम करणाऱ्या मंडळींत एक तक्रार वारंवार ऐकू येते. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली साधने, कुणाची शब्दसूची करणारी, कुणाची ओव्या मोजणारी, वर्षानुवर्षे सुरळीत चालत होती. ती तिसऱ्या आवृत्तीवर नेली आणि पहिल्याच मराठी फाइलीशी अडून बसली. अमुक क्रमांकाचा बाइट वाचता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. यावरचा उपायही तोंडपाठ झालेला आहे. फाइल उघडण्याच्या ओळीत ‘एरर्स’पुढे ‘इग्नोर’ असे लिहायचे. मग साधन पुन्हा धावू लागते आणि सर्वांचे समाधान होते.

माझे भांडण या समाधानाशी आहे. आणि ते प्रोग्रामरांपेक्षा मराठीच्या अध्यापकांशी अधिक आहे. ‘हा तांत्रिक भाग आहे, तो त्या मुलांनी बघावा’ असे म्हणून आपण हात झटकतो. वास्तविक संगणकाने विचारलेला प्रश्न तांत्रिक नसतोच. तो विचारतो, ‘ही संहिता कोणत्या अक्षरसंकेतात लिहिली आहे?’ हस्तलिखितांच्या अभ्यासकाने पोथी हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: लिपी देवनागरी की मोडी, लेखक कोण, प्रत कुठली? त्याचे उत्तर ‘दुर्लक्ष करा’ असे कुणी दिले तर आपण त्याला वर्गाबाहेर काढू.

आधी ‘पूर्वी चालत होते’ या विधानाकडे पाहू. पायथन ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ २०१५ साली थांबायचा होता. लोकांची स्थलांतरे रखडली म्हणून ती मुदत वाढवून १ जानेवारी २०२० केली गेली. एवढा उशीर होण्याचे एक मोठे कारण अक्षरांचेच होते. जुन्या आवृत्तीत साधी ‘स्ट्रिंग’ म्हणजे नुसती बाइटांची माळ. तिच्यात अक्षरे आहेत की छायाचित्र आहे, याची भाषेला फिकीर नव्हती. टपालवाल्याने पाकीट न उघडता पोचवावे तसा तो व्यवहार होता. पाकीट उघडायची वेळ आली, म्हणजे युनिकोड मजकुराशी त्या माळेचा संयोग झाला, की ती भाषा गुपचूप ‘हे आस्की असेल’ असे गृहीत धरी. आस्कीत जागा १२८ आणि अक्षरे इंग्रजीची. साहजिकच इंग्रजी लिहिणाऱ्याला दहा वर्षांत एकही अडचण येत नसे. आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी वर्ण २२४ या बाइटाने सुरू होत असल्यामुळे मराठीचा पहिलाच वर्ण उंबरठ्याला ठेचकाळे. तेव्हा ‘चालत होते’ हे विधान इंग्रजीच्या अंगणातले आहे. तिसऱ्या आवृत्तीने बाइट आणि अक्षर यांत भेद केला आणि कोणता संकेत ते स्पष्ट सांगा असा आग्रह धरला. इंग्रजीच्या प्रोग्रामरांनी या आग्रहावर कटकट म्हणून टीका केली, ते मी समजू शकतो. मराठीच्या माणसाने तीच टीका उसनी घ्यावी, याला काय म्हणावे?

आता ‘इग्नोर’ प्रत्यक्षात काय करते ते पाहू, कारण बहुतेकांना ते ठाऊकच नसते. समजुतीने ‘एखाददुसरे चिन्ह गळत असेल’ असे धरून चालतात. विंडोजवर पायथनच्या तिसऱ्या पिढीतही संकेत सांगितला नाही तर साधारणपणे विंडोज-१२५२ हा पश्चिम युरोपीय संकेत गृहीत धरला जात आला आहे. (यूटीएफ-८ हेच गृहीत धरण्याचा निर्णय ३.१५ या आवृत्तीसाठी झाला, म्हणजे एका तपापेक्षा अधिक काळानंतर.) या १२५२ संकेतात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. मराठी फाइल वाचताना यांपैकी एखादा बाइट आला की त्रुटी उद्भवते. ‘इग्नोर’ लिहिले की तेवढेच बाइट टाकून दिले जातात. बाकीचे वाचले जातात आणि नव्या फाइलीत जसेच्या तसे उतरतात. म्हणूनच नवी फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की बव्हंशी शुद्ध मराठी दिसते. धोका आहे तो इथेच.

गळाले काय? हलन्ताच्या चिन्हाचे तीन बाइट २२४, १६५, १४१. म्हणजे हलन्त गेला. ह्रस्व उकाराच्या मात्रेचा शेवटचा बाइट १२९, तीही गेली. दीर्घ ऊकाराचा १३०. तो मात्र सुखरूप. ए, ऐ, झ हे तिन्ही बुडाले. चंद्रबिंदू बुडाला. उरलेल्या तुकड्यांच्या जागी आधी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात, आणि पुढच्या पायरीला कुणीतरी पुन्हा ‘इग्नोर’ लिहिले की तीही नाहीशी होतात. मग ‘पुस्तक’चे ‘पसतक’ होते, ‘तुकाराम’चे ‘तकाराम’, ‘ज्ञानेश्वर’चे ‘जञानेशवर’, ‘एक’चा नुसता ‘क’. ह्रस्व-दीर्घावरून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. पण सर्व ह्रस्व उकार काढून टाकून दीर्घ तेवढे ठेवण्याचा सुधारणावाद कुणाला सुचला नव्हता.

आणि हे यादृच्छिक नाही, हे ध्यानात घ्यावे. वाळवीने खाल्लेल्या पोथीत भोके कुठेही पडतात. इथे ठरावीक वर्णच, दर वेळी, संपूर्ण संहितेभर नष्ट होतात. अशा संचावर कुणी जोडाक्षरांच्या प्रमाणावरून तत्समप्रचुर शैलीचा शोधनिबंध लिहिला तर? कुणी ‘तुकाराम’ शोधला, एकही उल्लेख सापडला नाही, आणि त्या अनुल्लेखावर प्रकरण बेतले तर? ‘मराठी’ या शब्दाचीही एक गंमत सांगून ठेवतो. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६०, आणि १२५२ संकेतात १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. चुकीच्या संकेतात वाचलेल्या मजकुराचे शब्द सुटे करायला गेलात की पायथन ती जागा समजून टाकून देते, आणि मराठीतला ‘ठ’ जातो. असो.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (काम सुरू १९१९, पूर्ण १९६६) जिथे पाठाची खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाने निर्णय घेतला, पण संशय लपवला नाही. पायथनलाही हे शिकवावे लागत नाही. ‘रिप्लेस’ म्हटले तर ते गळालेल्या जागी खूण ठेवते, आणि ३.१ पासून ‘सरोगेटएस्केप’ नावाची एक सोय आहे, जी न कळलेला बाइट बाजूला जपून ठेवते व लिहिताना तसाच परत करते. नागमोडी रेघेचीच ही भावंडे. ती हाताशी असताना आपण खोडरबर निवडतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तिसरी आवृत्ती म्हणजे मराठीची तारणहार नव्हे. ‘मराठी’ शब्दाची लांबी जुनी आवृत्ती यूटीएफ-८ मध्ये १५ सांगे, नवी ५ सांगते. पहिलीतले पोरही ३ म्हणेल. नव्या आवृत्तीला मात्रा स्वतंत्र वर्ण वाटतात. शिवाय जुन्या डीटीपी फॉन्टांतला मजकूर, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, तो ती बहुधा विनातक्रार वाचते आणि अर्थहीन रोमन अक्षरे हाती देते. तिथे त्रुटी येत नाही, म्हणून धोका अधिक. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? यंत्राने विचारले नाही तरी आपण विचारावे हा; यंत्राने विचारले त्याचेही तोंड बंद करावे हा नव्हे. आवृत्ती बदलून देणारे ‘टू-टू-थ्री’ नावाचे साधन पायथनसोबत बरीच वर्षे मिळे (३.१३ मध्ये ते काढले गेले). ते ‘प्रिंट’ला कंस घालून देई, फाइल कुठल्या संकेतात आहे हे त्याला सांगता येणे शक्यच नव्हते. ते संहिता ओळखणाऱ्यालाच सांगता येते.

करायचे ते फार अवघड नाही. मूळ फाइलीला हात लावू नये. प्रत करून काम करावे. उघडताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा, संकेताचे नाव स्पष्ट लिहावे. अडले की त्या ओळीपाशी जाऊन मजकूर डोळ्यांनी वाचावा. आणि रूपांतर झाल्यावर जुन्या-नव्या फाइलींतले हलन्त व ह्रस्व उकार मोजून ताडून पाहावेत. याला चार ओळींचा प्रोग्राम पुरतो आणि त्या लिहायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

संगणकीय संहितेवर आधारलेले शोधनिबंध आता मराठी विभागांत येऊ लागले आहेत. त्यांच्या परिशिष्टात मूळ फाइल कोणत्या संकेतात होती, भाषेची कोणती आवृत्ती वापरली, वाचताना किती त्रुटी आल्या आणि प्रत्येकीचे काय केले, हे नोंदवलेले असावे. तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने नाही विचारले तर बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारावे.