न उघडणारी हिशेबाची वही

मैत्रिणींनो, या वेळी लोणच्याला बुरशी का येते ते लिहायचे कबूल केले होते. पण ती बरणी जरा बाजूला ठेवू या. कारण मधल्या पंधरा दिवसांत आमच्या बचत गटाची वहीच उघडेनाशी झाली! वही म्हणजे कागदाची नव्हे बरं का, कॉम्प्युटरवरची. एक्सेलची फाइल.

आम्ही चौदाजणी. दरमहा प्रत्येकीचे २०० रुपये, शिवाय कर्जाचे हप्ते आणि व्याज. मी शाळेत अर्धा दिवस शिकवते, चार अक्षरे टाइप करता येतात, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात पडला. फाइल होती पेन ड्राइव्हवर आणि फक्त पेन ड्राइव्हवरच. आता कळते की हीच पहिली चूक. दुसरी अशी, की त्या दिवशी गॅसवर दूध, चिरंजीवांना कॉम्प्युटर हवा, म्हणून मी फाइल सेव्ह केली आणि दिवा लुकलुकत असतानाच पेन ड्राइव्ह ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी उघडायला जाते तो काय, पडद्यावर चौकट आली: फाइलचा प्रकार बरोबर नाही, ती खराब झाली नाही ना ते पाहा. चार वेळा दाबून पाहिले, चारही वेळा तेच.

आणि नेमका त्याच आठवड्यात वाद निघाला. आमच्यात एक मावशी आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. मागच्या महिन्यात त्यांनी कर्जाचा हप्ता माझ्याच हातात दिला होता. त्यांचे पासबुक त्या दिवशी घरी राहिले, म्हणून मी म्हटले, "असू द्या, मी कॉम्प्युटरवर चढवते." मावशी म्हणत होत्या, पंधराशे दिले. मला आठवत होते हजार. जमलेले पैसे त्याच बैठकीत कर्जाऊ वाटले गेले होते, त्यामुळे बँकेच्या पुस्तकावरूनही काही कळेना. बाकीच्या माझ्याकडे बघायच्या, कारण मी शिकलेली! मावशी एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या डब्यात बघा ना."

डबा उघडत नव्हता, तेच तर दुखणे होते.

असा प्रसंग तुमच्यावर आला, तर आधी हात आवरा. त्या फाइलवर काहीही प्रयोग करण्यापूर्वी तिची एक प्रत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि जे काय करायचे ते प्रतीवर करा. मग फाइलवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये तिचा आकार बघा. शून्य असेल तर आत काहीच उरलेले नाही, दुरुस्तीत वेळ घालवू नका, जुनी प्रत शोधायला लागा. माझी ३१ केबी दाखवत होती. जीव जरा भांड्यात पडला.

मग एक्सेल आधी मोकळे उघडायचे. 'फाइल', 'ओपन', 'ब्राउझ' असे जाऊन आपल्या फाइलवर एकदाच टिचकी मारायची. उघडायची नाही हं! खाली 'ओपन'च्या बटणाला चिकटून एक बारीक बाण असतो. इतकी वर्षे मी तो कधी पाहिलाच नव्हता. तो दाबला की यादी येते, तिच्यात 'ओपन अँड रिपेअर' आहे. त्यातले 'रिपेअर' आधी. ते हरले तर पुन्हा येऊन 'एक्स्ट्रॅक्ट डेटा'. त्यात सूत्रे जाऊन नुसते आकडे हाती येण्याची शक्यता असते, पण आकडे महत्त्वाचे, बेरजा काय पुन्हा मांडता येतात.

माझ्याकडे 'रिपेअर' चालले. फाइल उघडली, आणि मी मटकन खाली बसले. आकडे सगळे जागच्या जागी, पण नावांचा रकाना कोरा! एकीचेही नाव नाही.

असे का झाले ते नंतर शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी समजावले. २००७ च्या ऑफिसपासून एक्सेलची साधी फाइल म्हणजे खरे तर एक बांधलेले गाठोडे असते. आत लहान लहान कागद. प्रत्येक पानावरचे आकडे त्या त्या पानाच्या कागदात, पण शब्द मात्र बहुतेक सगळ्या पानांचे मिळून एकाच वेगळ्या कागदात ठेवतात. शिवाय गाठोड्यात काय काय आहे याची यादी अगदी शेवटी असते. लिहिणे अर्धवट तुटले, की शेवटाकडचा भाग जातो. माझा शब्दांचा कागदच गेला होता. डाळ-तांदूळ शिल्लक, डब्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या गळून पडलेल्या, अशी गत.

पण नशीब बघा. पहिल्या रकान्यात मी प्रत्येकीचा सभासद क्रमांक घातला होता, आणि तोच क्रमांक पासबुकांवर आहे. क्रमांक म्हणजे आकडा, तो टिकला. मावशी नऊ नंबर. नऊच्या ओळीवर बोट ठेवून मागच्या महिन्यापर्यंत सरकले.

१५००.

माझी आठवण चुकली होती. हजार दिले होते ते अकरा नंबरने. त्या संध्याकाळी मावशींच्या घरी जाऊन सांगितले. बैठकीत सगळ्यांसमोरही सांगितले, ते जास्त जड गेले.

तुमच्याकडे 'रिपेअर'ने काम झाले नाही, तर लिब्रेऑफिस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्यातल्या 'कॅल्क'मध्ये उघडून पाहा. मोडकी फाइल दिसली तर तो स्वतःच विचारतो, दुरुस्त करू का म्हणून. फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवलेली असेल तर तिथे मागच्या आवृत्त्या सापडू शकतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलमध्ये कधी कोणाला पाठवली होती का, तेही शोधा. माझ्या जाऊबाईंची दिवाळीच्या खर्चाची यादी अशीच नणंदेच्या फोनमध्ये निघाली! कधी कधी फाइल खराब नसतेच, कोणीतरी नाव बदलताना टिंबापुढची अक्षरे बदललेली असतात, ती पूर्ववत केली की उघडते. एक मात्र करू नका. "आमच्याकडे फाइल पाठवा, दुरुस्त करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी जागी गटाचा हिशेब पाठवू नका. त्यात चौदा घरांचे पैशांचे व्यवहार असतात.

आता आमची फाइल कॉम्प्युटरवर असते, पेन ड्राइव्हवर फक्त प्रत. तो काढायचा तर आधी 'इजेक्ट' म्हणायचे, मगच हात लावायचा. दर बैठकीनंतर एक छापील कागद काढते, त्यावर सगळ्यांच्या सह्या नाहीतर अंगठे. ह्यांनी विचारलेच, "मग कॉम्प्युटर कशाला?" बेरजांना, म्हटले.

परवा मावशी हप्ता घेऊन आल्या. पासबुक पदराखाली घट्ट धरलेले. मी पैसे मोजत होते, तर त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "नऊ नंबर, ताई. आणि आधी ते पुस्तकात लिहा."

लोणच्याचे पुढच्या अंकी, नक्की.