खराब की नादुरुस्त?

'खराब' आणि 'नादुरुस्त' हे शब्द मराठीत आपण एकाच अर्थाने वापरतो. पहिला अरबीतून आला, मूळ अर्थ उजाड, उद्ध्वस्त. दुसरा फारसीतून आला, म्हणजे जे ठीक नाही ते. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मला यातला फरक मोठा वाटतो. उजाड झालेल्यावर आपण हात झटकतो. जे ठीक नाही, ते ठीक करून पाहतो.

बुलढाणा जिल्ह्यात नवा संगणक परवडत नाही म्हणून अनेक मुलं जुने-नवे भाग जमवून घरीच जोडतात. बटण दाबलं आणि पंखाही हलला नाही, की घरात लगेच निकाल लागतो. अम्मी म्हणते नजर लागली, चाचा म्हणतात पैसे बुडाले, आणि एखादा दुकानदार कॅबिनेट न उघडताच 'मदरबोर्ड गेला' म्हणून मोकळा होतो. नवा बोर्ड घेणं झेपत नाही. संगणक कोपऱ्यात जातो आणि त्याच्यासोबत मुलीचा अभ्यासही.

माझं म्हणणं एवढंच, की निकालाआधी तहकीक हवी, आणि तीही स्वस्तापासून महागाकडे. आधी बोर्डाच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहा. मग केबल बदला. पॉवर सप्लायच्या मागचं छोटं बटण चालू आहे ना? केबल काढून आतले दोन प्लग दाबून बसवा: २४ पिनांचा मोठा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा.

तरीही हालचाल नसेल तर कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्या. ते बटण फक्त मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. त्याची वायर काढून, पुन्हा वीज लावून, त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. संगणक सुरू झाला, तर दोष फक्त बटणाचा.

पंखा जरासा फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो. बोर्डाखाली पडलेला एखादा स्क्रूही पुरतो. अशा वेळी बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम एवढंच ठेवा आणि मग एकेक भाग जोडत जा. एका वेळी एकच बदल, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही. शेवटी ओळखीच्याकडून चालू पॉवर सप्लाय तासभर मागून आणा. मात्र आत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी वीज तोडा आणि पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही धोकादायक भार राहू शकतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथमने टॉलेमीसारख्या मोठ्या विद्वानाच्या म्हणण्यावर शंका मांडणारा ग्रंथ लिहिला. प्रकाशाचा अभ्यासही त्याने प्रयोग करून केला. त्याचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण आपल्या घरात मात्र वडीलधाऱ्याचा किंवा दुकानदाराचा अंदाज हाच शेवटचा शब्द असतो.

शाळेतही तेच. आपण मुलांना संगणक वापरायला शिकवतो, तपासायला नाही. अनेक शाळांच्या स्टोअररूममध्ये धूळ खात पडलेले एक-दोन संगणक सापडतील. ते मुलांपुढे ठेवा, शिक्षकाच्या देखरेखीखाली उघडू द्या, प्रत्येक पायरी वहीत लिहू द्या. खर्च जवळजवळ शून्य.

ही सवय लागली तर ती संगणकापुरती राहणार नाही. एका चाचणीत नापास झालेल्या पोरालाही आपण असंच न तपासता 'गेला' म्हणतो. त्याला दिसत नाही की ऐकू येत नाही, घरी अभ्यासाला जागा आहे की नाही, हे कोण पाहतं? आधी सॉकेट तपासा. मदरबोर्डचं नंतर बघू.