'पर्यंत' नावाची पळवाट

हल्ली मला एका शब्दाची चीड येऊ लागली आहे. तो शब्द म्हणजे 'पर्यंत'.

शब्द बिचारा साधा आहे. शब्दयोगी अव्यय. शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्या काळात मी या शब्दाला कधी नावं ठेवली नाहीत. 'गावापर्यंत', 'संध्याकाळपर्यंत' यात काय वाईट आहे? पण बाजाराने हा शब्द उचलला आणि त्याची पार रया घालवली. '५० टक्क्यांपर्यंत सूट' असं लिहिलेल्या दुकानात शिरा. पन्नास टक्के सूट कोपऱ्यातल्या दोन विटक्या सदऱ्यांवर असते. बाकी सगळ्यावर दहा. आणि दुकानदार खोटं बोलला असंही तुम्हाला म्हणता येत नाही, कारण पाटीवर 'पर्यंत' आहे ना!

या शब्दाचा सगळ्यात निगरगट्ट वापर मला कुठे दिसला असेल, तर डिजिटल कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर. नखाएवढी ती वस्तू. तिच्यावर ठळक आकडा छापलेला असतो: १७० एमबी प्रति सेकंद, २०० एमबी प्रति सेकंद. पाकिटावर त्या आकड्याच्या आसपास, भिंग लावल्यावर दिसेल अशा अक्षरात, आपला मित्र बसलेला असतो. 'पर्यंत'!

आता हा आकडा कशाचा आहे ते पाहा. कार्डाची गती दोन प्रकारची असते. कॅमेऱ्याने फोटो कार्डावर उतरवायचा ती लिहिण्याची गती, आणि कार्डावरून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा ती वाचण्याची. कॅमेरावाल्याचं अडतं ते लिहिण्यावर. वाचण्याचं काम रात्री घरी चहा पीत होतं, तिथे दोन मिनिटं जास्त लागली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण मोठ्या अक्षरात छापतात ती वाचण्याची गती, तीही जास्तीत जास्त. त्यातली आणखी गंमत म्हणजे ज्या जातीच्या कार्डावर (यूएचएस-१) हे १७० आणि २०० छापलेलं असतं, त्या जातीची प्रमाणित कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे. त्यापुढची गती मिळवायची तर त्या युक्तीला साथ देणारा वेगळा कार्ड रीडर लागतो. साध्या कॅमेऱ्यात तिचा उपयोग नाही.

माझ्या वर्गातला एखादा मुलगा घरी सांगू लागला, की 'बाबा, मला ९० गुणांपर्यंत मिळू शकतात', तर बाप त्याचा कान धरील. विचारील, 'पडले किती ते सांग.' मेमरी कार्डाचा कान मात्र कुणी धरत नाही.

'पडले किती' याचं उत्तर कार्डावर असतं, नाही असं नाही. एसडी कार्ड १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून आणलं आणि २००० साली त्यांनी त्यासाठी एक संघटना स्थापन केली. त्या संघटनेने किमान गतीची चिन्हं ठरवून दिली आहेत. हेतू चांगला, पण ती चिन्हं नीट वाचा. इंग्रजी सी या अक्षराच्या पोटात १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू या अक्षरात १ म्हणजेही १० एमबी. यू मध्ये ३ म्हणजे ३० एमबी. आणि व्ही पुढे ३० म्हणजेही ३० एमबी! म्हणजे १० म्हणजे दहा, १ म्हणजेही दहा, ३ म्हणजे तीस आणि ३० म्हणजेही तीस. शिवाय रोमन एक किंवा दोन असतो तो वेगळा, आणि ए१, ए२ आणखी वेगळं. (हे शेवटचं मोबाईलमधल्या ॲपसाठी असतं. कॅमेऱ्यात त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी दुकानदार ते दाखवून जास्त पैसे मागतो.) चौथीतल्या मुलाने अशी उत्तरपत्रिका लिहिली असती तर मी ती परत लिहायला लावली असती.

आता खरी गरज किती, त्याचं गणित करू. गणित माझा विषय नाही, पण हे त्रैराशिकाच्याही अलीकडचं आहे. सध्याच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला साधा जेपेग फोटो सुमारे १० एमबीचा धरा. ३२ जीबीच्या कार्डावर असे तीन हजारांवर फोटो बसतात. आमच्या वेळी रोलमध्ये ३६ फोटो निघत, म्हणजे हे ऐंशीपेक्षा जास्त रोल झाले! घरातलं बारसं, साखरपुडा, अष्टविनायकाची सहल यांना आणखी किती हवं?

व्हिडिओचं म्हणाल तर तिथेही आकड्यांची फसगत आहे. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत '१०० मेगाबिट' असं लिहिलेलं असतं आणि कार्डावर असतं मेगाबाइट. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटचा फोरके व्हिडिओ सेकंदाला फक्त साडेबारा मेगाबाइट मागतो. व्ही ३० लिहिलेलं कार्ड त्याच्या दुपटीहून जास्त देतं. त्याहून महागडं कार्ड कुणाला लागतं? उजनीच्या पाण्यावर भिगवणला जाऊन उडत्या रोहित पक्ष्यांचे सेकंदाला दहा-दहा रॉ फोटो काढणाऱ्याला. तेसुद्धा त्याच्या कॅमेऱ्यात ती जास्तीची पिनांची ओळ असेल तरच. नसेल तर महाग कार्ड मुकाट्याने जुन्या गतीने चालतं, आणि पैसे गेले ते गेलेच.

'असू दे हो, मोठंच घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल' हा आणखी एक सल्ला. गहू, ज्वारी मोठ्या प्रमाणात भरून ठेवावी हे मला पटतं. पण फोटो म्हणजे धान्य नव्हे. कार्ड जेवढं मोठं, तेवढं माणूस ते रिकामं करायचं टाळतो. वर्षभराचे सण, सहली, आजीची पंचाहत्तरी, सगळं त्या एका नखाएवढ्या चकतीत पडून राहतं. मग एक दिवस कार्ड बिघडतं किंवा हरवतं. २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ३२ किंवा ६४ जीबीची दोन केव्हाही बरी. शिवाय जुन्या कॅमेऱ्यांना मोठं कार्ड कळतच नाही. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखत नाहीत, त्यानंतरचे काही वर्षांतले ३२ जीबीच्या पुढचं. हल्ली तरुण मुलं हौसेने कपाटातले जुने कॅमेरे काढून वापरतात, त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

एका बाबतीत मात्र कंपन्यांवर उगाच आळ घेऊ नये. ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की ५९ आणि वर काहीतरी दिसतं, आणि लोक लगेच 'फसवलं' म्हणून ओरडतात. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. माप दोन तऱ्हेचं, माल तेवढाच.

खरी फसवणूक वेगळी आहे, आणि तिच्यासाठीच आज एवढं लिहायला बसलो आहे.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला होता. मुलं (आता पन्नाशीची!) उत्साही, कॅमेरा चांगला, आणि कार्ड तालुक्याच्या एका दुकानातून घेतलेलं १२८ जीबीचं, नामांकित कंपनीचं नाव असलेलं, निम्म्या किमतीत. सकाळची प्रार्थना, दीपप्रज्वलन, ओळखीपाळखी, सगळं छान उतरलं. दुपारी आमच्या जुन्या मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. वय अठ्ठ्याऐंशी. दोघांनी धरून त्यांना व्यासपीठावर आणलं, आणि त्यांनी समोर बसलेल्या मुलांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. रात्री कार्ड उघडलं तर सकाळचे फोटो ठीक. दुपारनंतरच्या प्रत्येक फोटोचं नाव यादीत होतं, क्रमांक होता, पण उघडलं की राखाडी पट्टे. दुकानदार म्हणाला, 'कॅमेऱ्याचा दोष असेल.' चार महिन्यांनी सर गेले. श्रद्धांजलीच्या फलकावर लावायला १९९४ सालचा निवृत्तीच्या निरोप समारंभातला फोटो शोधावा लागला.

हे होतं कसं? बनावट कार्डाच्या पोटात जागा असते ८ किंवा १६ जीबी. पण त्यातली जी चिप 'माझ्यात एवढी जागा आहे' असं कॅमेऱ्याला सांगते, तिला १२८ सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचा फोटो एक तर आधीच्यावर लिहिला जातो किंवा सरळ हवेत जातो. यादीत नाव मात्र चढतं. फोटो काढल्याबरोबर पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्मृतीतून, त्यामुळे काढणाऱ्याला शंकाही येत नाही.

आम्हा शिक्षकांना हा प्रकार नवा नाही. याला बोगस पट म्हणतात! हजेरीपुस्तकात नावं साठ, बाकावर मुलं पंचवीस. २०११ साली महाराष्ट्रात सगळ्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली ती याचसाठी. कार्डाचीही तशीच पटपडताळणी करता येते. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री नावाचे फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि मग प्रत्येक कण पुन्हा वाचून पाहतात. नावावर विश्वास नाही, डोकी मोजायची. वेळ लागतो, तासाच्या वरही लागतो. पण नवं कार्ड आणलं की पहिलं काम हेच. परत करण्याची मुदत संपायच्या आत.

यावर लोकांचे तीन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, 'आम्ही नामांकित कंपनीचंच घेतो.' अहो, बनावट करणारा नामांकित कंपनीचंच नाव छापणार ना? अनोळखी नावाची नक्कल कोण कशाला करील? दुसरा, 'आता मोबाईल आहे, कार्ड कशाला?' ज्याला मोबाईल पुरतो त्याने खुशाल मोबाईल वापरावा. पण गावोगावचे लग्नाचे फोटोग्राफर, पक्षी टिपणारे, गडकिल्ले आणि लेणी टिपणारे यांचं सगळं पोट आणि प्रेम अजून कार्डावरच आहे. तिसरा आक्षेप सगळ्यात चिडवणारा. 'सर, एवढीशी वस्तू, त्यात एवढा काय विचार करायचा?' किंमत वस्तूची असते तेव्हा हे ठीक. इथे किंमत आत काय आहे त्याची आहे. कार्ड दुसरं मिळतं. सरांनी मारलेली हाक दुसरी मिळत नाही.

माझ्या लहानपणी सेर-पायलीची मापं जाऊन किलो-लिटर आले. वाण्याच्या वजनावर निरीक्षकाचा शिक्का आहे की नाही हे माझी आई, शाळेची पायरीही न चढलेली, तराजू उचलण्याआधी पाहायची. आज तिची पदवीधर नातवंडं हजारांच्या वस्तू शिक्का न पाहता घेतात. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते नसेल तर ते पाकीट हातातही धरू नका. बिल घ्या. फसलात तर गप्प बसू नका, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, तिचा उपयोग या 'पर्यंत'वरही व्हायला हवा. मागणी एवढीच आहे: किमान लिहिण्याची गती मोठ्या अक्षरात छापा, कमाल वाचण्याची छोट्या अक्षरात. आज छापता त्याच्या बरोबर उलटं. त्यासाठी नवा शोध लागायला नको, फक्त लाज हवी.

तोपर्यंत (बघा, या शब्दाचा चांगला वापरही होतो!) आपण एवढं करावं. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत कोणतं कार्ड चालतं ते आधी पाहावं. ठळक आकडा सोडून व्ही किंवा यूचं चिन्ह वाचावं. साध्या कामाला यू १, फोरकेला व्ही ३०, एवढ्याने भागतं. एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम कार्डं घ्यावीत, खात्रीच्या दुकानातून, आणि घरी आणल्यावर पटपडताळणी करावी. समारंभ संपल्यावर त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवावेत. दोन्हीकडे उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. आणि दुकानदार म्हणाला, 'हे २०० पर्यंत जातं', तर त्याला शांतपणे विचारावं:

'पर्यंत राहू द्या. कमीत कमी किती, ते सांगा.'