रात्रीतून इतिहास

मी कसब्यातला. लाल महालातलं सोन्याच्या नांगराचं शिल्प, म्हणजे जिजाऊ, बाल शिवाजी आणि शेजारी दादोजी कोंडदेव, पाहुण्यांना कितीदा दाखवलंय. २७ डिसेंबर २०१० ला मध्यरात्रीनंतर महापालिकेने त्यातून दादोजींना काढून नेलं.

मंडळी, ते गुरू होते की नुसते सुभेदार, यावर खुशाल भांडा. समकालीन कागदांत ते सुभेदार म्हणूनच दिसतात, हे मलाही मान्य. (आजचा लाल महालही पालिकेनेच बांधलेला, शहाजीराजांचा नव्हे!) पण सभेत ठराव झाला होता ना? मग दिवसाढवळ्या, आम्हा कसबेकरांसमोर हलवायचा पुतळा. आम्ही झोपेत असताना, पोलीस बंदोबस्तात कशाला?

काका, वाचत असाल तर सांगा. ठराव तुम्हाला पटला होता. रात्र पटली का?