ध्वनिमुद्रण झाले, प्रकाशन कधी?

सदाशिव पेठेत गाण्याला जागेची उणीव कधीच नव्हती. टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर ही सभागृहे याच पेठेतली. कॅसेटच्या जमान्यात प्रकाशन समारंभ हा अशा सभागृहांतला नेहमीचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे रंगीत कागदात गुंडाळलेला संच सोडवीत, गायक त्यातली दोन-तीन गाणी म्हणे आणि दाराजवळच्या टेबलावर सवलतीच्या दरात कॅसेट विकल्या जात. भाषणे थोडी लांबत, हा पुण्याचा रिवाजच. पण त्या संध्याकाळपासून गाणे श्रोत्यांचे झाले, एवढे नक्की होत असे. कॅसेट गेली, तिच्या मागोमाग सीडीही गेली. आता गाणे काही दिवसांत जगभरच्या फोनवर पोचविता येते. तरीही ध्वनिमुद्रण पुरे झालेली गाणी संगीत कंपन्यांकडे महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे पडून राहण्याचा प्रकार संपलेला नाही. तांत्रिक अडचण उरलेली नसताना हा विलंब का टिकून आहे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर कायद्याच्या कालगणनेत सापडते.

पूर्वीच्या विलंबाला सबळ कारणे होती. १९०२ मध्ये गौहर जान यांचे गाणे कोलकात्यात ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकड्या छापण्याची सोय देशात नव्हती. मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तयार तबकड्या बोटीने परत येत. कोलकात्यात कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये. तोवर कलावंताचे आजचे गाणे ऐकण्यासाठी समुद्राच्या दोन फेऱ्यांइतकी वाट पाहावी लागे, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पुण्याच्या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण ‘गीतरामायणा’चे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत ही मालिका चालली. ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आणि माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक अशा अनेकांचे आवाज. आठवड्याचे गीत प्रसारित झाले की पुण्यातील दैनिके त्याचे शब्द छापत. पुस्तकरूपाने ही गीते १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढली. मात्र ‘एचएमव्ही’चा दहा तबकड्यांचा संच निघाला तो १९६५ मध्ये. मालिका संपून नऊ वर्षे उलटली होती, आणि संच होता एकट्या बाबूजींच्या आवाजात, नव्याने ध्वनिमुद्रित केलेला.

महाराष्ट्रात इतकी लोकप्रिय झालेली कृती बाजारात यायला एवढा काळ का लागावा? याचे एक उत्तर माध्यमात शोधता येते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. अनेक कडव्यांची छप्पन गीते तिच्यावर बसवायची तर एक तर कडवी कापावी लागली असती किंवा ग्राहकाला तबकड्यांचा ढीग विकत घ्यावा लागला असता. प्रत्येक बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे घेणारी लाँग प्ले तबकडी भारतात साठच्या दशकात रुळली, आणि त्यानंतर हा संच शक्य झाला. म्हणजे येथेही विलंबाला काही आधार होता. पण त्या नऊ वर्षांत श्रोत्याने आपल्या कपाटात ठेवायच्या ‘गीतरामायणा’चा आवाज बदलला. घरोघर पोचले ते बाबूजींचे ‘गीतरामायण’. रेडिओवरचे बहुस्वरी रूप ज्यांनी ऐकले होते, त्यांच्या आठवणीत ते राहिले. तयार कृती आणि तिचे प्रकाशन यांत अंतर पडले की नुसता काळ जात नाही, कधी कधी कृतीच वेगळी होते.

चित्रपटसंगीताची कथा याहून करुण. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले, तेव्हा ‘पाकीझा’ अपुराच होता. चित्रपट झळकला १९७२ मध्ये आणि त्यातील गाणी देशभर गाजली, ती ज्याने केली तो हयात नसताना. त्यांनी याच चित्रपटासाठी केलेली पण त्यात न घेतलेली गाणी तर १९७७ मध्ये स्वतंत्र तबकडीवर आली. एखाद्या संगीतकाराची पुढची कामे मागच्या यशावर ठरतात. गुलाम मोहम्मद यांना ते यश हिशेबात धरण्याची संधीच मिळाली नाही. आजही मराठी चित्रपट रखडला की त्याची गाणी रखडतात, कारण गाण्यांचे हक्क आणि प्रसिद्धी चित्रपटाच्या तारखेला बांधलेली असते.

आता बोटीची फेरी नाही आणि तबकडीच्या लांबीची अडचणही नाही. एकट्याने काम करणारा गायक मध्यस्थ वितरकामार्फत आपले गाणे थोड्याच दिवसांत सर्व मोठ्या सेवांवर चढवू शकतो. त्यामुळे कंपनीकडे दिलेले गाणे थांबते ते कोणाच्या तरी निर्णयामुळे, किंवा निर्णय कोणी घेतच नाही म्हणून. कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ध्वनिमुद्रणाचा खर्च आता तुलनेने कमी असतो, पण गाणे ऐकले जावे यासाठी करायचा खर्च वाढला आहे. दृश्यफीत, जाहिरात, सणासुदीचा मुहूर्त हे सगळे जुळेपर्यंत थांबणे व्यापाराच्या दृष्टीने गैर नाही. गणपतीची गाणी माघात काढली तर भाद्रपदापर्यंत लोक ती विसरतील, असे कंपनीला वाटते. शिवाय जुन्या गाण्यांचा संग्रह कंपनीला कोणताही नवा धोका न घेता पैसा देत असतो. ‘सारेगामा’ने २०१७ मध्ये आणलेल्या ‘कारवाँ’ या यंत्रात पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेली होती आणि ग्राहकांनी ते आवडीने घेतले. नव्या भावगीतांच्या किंवा ख्यालाच्या अल्बमची गाठ अशा सिद्ध झालेल्या मालाशी पडते. मग तो मागे राहतो.

हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. पडून राहिलेल्या मालाचा व्यापाऱ्याला जाच होतो. दुकानदार धान्य साठवतो, तेव्हा किडीची भीती त्याला ते लवकर विकायला लावते. गाण्याच्या बाबतीत कंपनीला अशी कोणतीही भीती का नसावी?

येथे कॉपीराइट कायदा, १९५७ पाहावा लागतो. या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे गायक किंवा संगीतकार नव्हे, तर ते मुद्रण घडवून आणणारा निर्माता. निर्मात्याच्या या हक्काची मुदत साठ वर्षांची आहे आणि कलम २७ प्रमाणे ती मोजली जाते प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून. गाणे प्रकाशितच केले नाही तर घड्याळ सुरू होत नाही. गायक-वादकांना कलम ३८ खाली जो स्वतंत्र हक्क मिळतो, त्याची मुदत मात्र पन्नास वर्षे आणि तीही प्रत्यक्ष गायन-वादनाच्या पुढील वर्षापासून. उदाहरणादाखल, एखाद्या गायिकेने २००० साली गाणे ध्वनिमुद्रित केले आणि कंपनीने ते २०२० मध्ये प्रकाशित केले, असे धरू. गायिकेचा हक्क २०५० च्या अखेरीस संपेल. कंपनीचा हक्क २०८० च्या अखेरपर्यंत चालेल. मधली वीस वर्षे कंपनीच्या खात्यातून वजा झालीच नाहीत, गायिकेच्या खात्यातून मात्र झाली. एकाच गाण्याला ही दोन घड्याळे लावलेली असल्याने थांबण्याची किंमत एकाच पक्षाला मोजावी लागते.

हाच हिशेब ‘गीतरामायणा’च्या संचाला लावून पाहता येतो. १९६५ हे प्रकाशनवर्ष धरल्यास त्या ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही येते. तबकड्या १९५६ मध्येच निघाल्या असत्या तर ती २०१६ मध्ये संपली असती. शब्द आणि चाल यांचे हक्क अर्थात वेगळे. कवी व संगीतकाराच्या निधनानंतरची साठ वर्षे त्यांना लागू होतात, म्हणजे १९७७ मध्ये निवर्तलेल्या गदिमांच्या शब्दांना २०३७ अखेरपर्यंत आणि २००२ मध्ये गेलेल्या बाबूजींच्या चालींना २०६२ अखेरपर्यंत.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनात समान वाटा मिळण्याचा हक्क दिला. त्या वेळी याचे मोठे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण प्रकाशित न झालेल्या गाण्याचे उत्पन्न शून्य, आणि शून्याचा निम्मा वाटाही शून्यच. दुरुस्तीचा सगळा भर गाणे वाजल्यानंतरच्या पैशावर होता. ते वाजावे यासाठी कोणती मुदत असावी, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वास्तविक कायद्यात एक तरतूद आहे. कलम १९ च्या चौथ्या उपकलमानुसार हक्क विकत घेणाऱ्याने एक वर्षाच्या आत त्यांचा वापर केला नाही तर ते हस्तांतरण रद्द झाले असे मानले जाते. २०१२ नंतर कलावंतांच्या हक्कांनाही हे कलम लागू आहे. वाचताना वाटते की प्रश्न येथेच सुटला. परंतु त्याच उपकलमात पुढे अपवाद आहे : करारात वेगळे काही नमूद केलेले नसेल तर. कराराचा मसुदा कंपनीचा असतो, आणि हे ‘वेगळे’ त्यातल्या एखाद्या लांबलचक वाक्यात सहज मावते. पहिला अल्बम करणारा कलावंत सही करताना मानधनाचा आकडा पाहतो. हक्क किती काळासाठी दिले, प्रकाशन कधीपर्यंत व्हायला हवे, तीच गाणी पुन्हा दुसरीकडे गाता येतील की नाही, हे तो नंतर वाचतो. शिवाय मुद्रणाचा खर्च कंपनीने केला असेल तर मूळ मुद्रणाची मालकी पहिल्यापासून तिचीच. शब्द, चाल आणि गायन यांचे हक्क परत आले तरी ते मुद्रण कलावंताच्या हाती येत नाही. कंपनी ते काढू शकत नाही आणि कलावंतही नाही, अशी कोंडी होते. कलम ३१ मधील सक्तीच्या परवान्याची वाटही बिकटच, कारण ते एकदा लोकांसमोर येऊन मग रोखल्या गेलेल्या कृतींसाठी आहे. जे कोणी ऐकलेच नाही, त्याची मागणी कोण करणार?

परदेशातही चित्र फार निराळे नाही, मात्र तेथे कलावंत याविषयी उघडपणे बोलतात. अमेरिकी गायक प्रिन्स यांचे नव्वदच्या दशकात ‘वॉर्नर’ कंपनीशी भांडण झाले ते गाणी लवकर व भरपूर काढू द्यावीत यासाठीच. निषेध म्हणून ते गालावर ‘गुलाम’ हा शब्द लिहून लोकांपुढे येत. इंग्लंडच्या गायिका रे यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले, की २०१४ पासून ‘पॉलिडोर’शी चार अल्बमचा करार असूनही आपल्याला एकही अल्बम काढू दिला गेलेला नाही. त्याच वर्षी त्या कंपनीतून बाहेर पडल्या. त्यांचा पहिला अल्बम २०२३ मध्ये स्वतंत्रपणे आला, आणि २०२४ च्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात त्यांनी एकाच रात्रीत सहा पुरस्कार घेतले. श्रोत्यांना काय आवडेल हे कंपनीला कलावंतापेक्षा अधिक कळते, या समजुतीला यापेक्षा मोठा धक्का क्वचितच बसला असेल. जॅझवादक जॉन कोल्ट्रेन यांनी मार्च १९६३ मध्ये केलेले एक ध्वनिमुद्रण तर पंचावन्न वर्षांनी, २०१८ मध्ये, बाहेर आले. कंपनीकडील मूळ फीत हाती लागली नाही. गाणे वाचले ते कोल्ट्रेन यांनी घरी नेलेली प्रत त्यांच्या पहिल्या पत्नीच्या कुटुंबाने जपली म्हणून.

घरातल्या कपाटाचा हा महिमा पुण्याला नवा नाही. खासगी मैफलींची स्पूल आणि कॅसेट जिवापाड सांभाळणारी, त्या कोणाला ऐकवायच्या आणि कोणाला नाही याचे नियम ठरवून असणारी रसिकांची एक पिढीच पेठांतून नांदली. कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींची अशी मुद्रणे कॅसेटवर आणली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ज्याकडे पाहिले नव्हते त्या गाण्याला ग्राहक असल्याचे दिसून आले. पुढे प्रसार भारतीच्या संग्रहातील निवडक मुद्रणेही सीडीवर आली. तोपर्यंत त्यांतील अनेक कलावंत हयात नव्हते. त्यांच्या गाण्याची दाद वारसांच्या वाट्याला आली.

नव्या कलावंताला एवढे थांबण्याचे कारण नाही. करारात प्रकाशनाची तारीख घालून घेणे, ती टळली तर मूळ मुद्रण ठरलेल्या किमतीला परत विकत घेण्याचा हक्क राखणे, आणि एक वर्षाच्या तरतुदीला बगल देणारे वाक्य सहीपूर्वी खोडणे, या गोष्टी आजच्या कायद्यातही करता येतात. अर्थात खोडण्यासाठी लेखणी हातात असावी लागते, आणि एकटा गायक कंपनीसमोर बसतो तेव्हा ती बहुधा त्याच्या हातात नसते. म्हणून खरी गरज कलम १९ मधील तो अपवाद काढून टाकण्याची, निदान त्याला तीन-चार वर्षांची कमाल मर्यादा घालण्याची आहे. तसेच निर्मात्याच्या साठ वर्षांची मोजणी मुद्रण झाल्यापासून ठराविक काळाने आपोआप सुरू व्हावी. चित्रपटांच्या निर्मात्यांचा आणि मोठ्या संगीत कंपन्यांचा याला विरोध होईल, हे २०१२ च्या दुरुस्तीच्या वेळचा गदारोळ पाहता सांगायला नको. त्या वेळी राज्यसभेत जावेद अख्तर होते आणि त्यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली. गायक-वादकांच्या या घड्याळासाठी संसदेत बोलणारा आवाज अजून पुढे आलेला नाही.