घरोघरी एक प्रत

लष्करातील आमच्या वाड्यात घरगुती बैठकींच्या काही टेपा होत्या. वडिलांनी स्वतः मुद्रित केलेल्या. त्यांच्या पश्चात त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून आम्ही एका संस्थेच्या स्वाधीन केल्या. पुढे तेथील कपाटाला ओल लागली आणि टेपा गेल्या. मी कोणास दोष देत नाही. एकच प्रत एकाच जागी ठेवली, ही चूक आमचीच.

ग्वाल्हेरची गायकी अशी एका कपाटात कधीच नव्हती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती विद्या महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. १९४७ साली लाहोर सीमेपलीकडे गेले. गायकी गेली नाही, कारण ती अनेकांच्या गळ्यांत होती.

संगणकाचे जग हेच ठेच खाऊन शिकले. १९९९ साली निघालेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या घरोघरी असत, परंतु कोणाकडे काय आहे याची यादी एका मध्यवर्ती सर्व्हरवर होती. परवानगीविना प्रती वाटल्या जातात म्हणून प्रकरण न्यायालयात गेले, आणि २००१ मध्ये तो सर्व्हर थांबताच सारा व्यवहार थांबला. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणले. त्यात फाईलचे तुकडे होतात. घेणारा घेता घेताच इतरांस देऊ लागतो. प्रत्येक तुकडा त्याच्या गणिती ठशाशी ताडला जातो, म्हणून भेसळ लपत नाही. पुढे यादीही सहभागी संगणकांतच वाटून ठेवता येऊ लागली.

हे आपण का करू नये? संस्था नकोत असे माझे म्हणणे नाही. संस्थेनेही त्यातले एक घर व्हावे. ज्यांचे गाणे, त्यांच्या वारसांची संमती मात्र आधी हवी. आणि एक गोष्ट कोणतेही यंत्र करणार नाही : नवख्याला पहिले घर दाखवणारा कोणी तरी लागतो, आणि एका तरी घरी संपूर्ण प्रत ठेवून यंत्र चालू ठेवावे लागते. सगळ्यांनी घेतले व कोणीच राखले नाही, तर तेही कपाट ओलच धरणार.

चार घरांनी आरंभ करावा. एक लष्करात, एक इंदुरास, एक पुण्यास, एक परदेशी गेलेल्या मुलाकडे. चीज शिष्यालाही न देता जाणाऱ्या बुवांना आपण नावे ठेवतो. मग माळ्यावरच्या आपल्या पेटीला कुलूप कशासाठी? आमच्या टेपा आता परत येणार नाहीत. तुमच्या अजून आहेत.