चौदा तालुके, बारा खाटा



जून लागला की आमच्या सुप्यात काही घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिला नवं कुलूप, झाकणावर ऑइलपेंटनं नाव, आत दोन चादरी, ताट-वाटी, खोबरेलाची बाटली. पोरगं आठ दिवस आधीपासून साऱ्या वाडीला सांगत सुटतं, मी बोर्डिंगला चाललो! त्याच्या आनंदाला कुणी हसू नये. पण त्या आनंदावर जे स्वतःची पोळी भाजून घेतात, त्यांच्या तोंडावर चार शब्द फेकल्याशिवाय मला राहवत नाही.

पोरगं खूश, कारण त्याला स्वतःची खाट मिळणार. अभ्यासाला ट्यूब मिळणार, दोन वेळचं ताट मिळणार. आईचा हिशेब वेगळा. रस्त्याला एमआयडीसी आली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा आखला, डोंगरावर पवनचक्क्या फिरायला लागल्या. तिच्या घरात मात्र ठेकेदाराची हजेरी तेवढी आली. पोरानं ठेकेदाराच्या वहीतला नंबर व्हायचं नसेल तर शिकलं पाहिजे, आणि शिकायचं तर गावाच्या नजरेबाहेर शिकलं पाहिजे, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. गावची शाळा आपल्या पोराला किती सांभाळते ते तिनं ह्याच जिल्ह्यात बघितलंय. २८ एप्रिल २०१४, जामखेड तालुक्यातलं खर्डा, १७ वर्षांचा नितीन आगे. शाळेतून मारत नेल्याची फिर्याद झाली. २०१७ साली कोर्टानं आरोपी निर्दोष सोडले. मग नितीनला मारलं कुणी? वाऱ्यानं?

म्हणून आई पेटी भरते. आणि वर आम्हाला ऐकवतात की सरकार तुमच्या पोरांना फुकट पोसतं. फुकट? अरे, ही बोर्डिंगं कुणाच्या बापाची मेहेरबानी नाहीत. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. बाबासाहेबांनी त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडलं. महाडचं तळं १९२७ चं. म्हणजे बघा, पाण्याच्या सत्याग्रहाआधी बाबासाहेबांनी पोरांच्या खाटेची सोय केली. १९२८ साली पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशी आणखी पाच वसतिगृहं. त्या माणसाला ठाऊक होतं, चार बंडखोर पोरं एका छपराखाली रात्र-रात्र जागली की काय होतं ते.

काय होतं? आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे दया पवार संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकले आणि १९७८ साली ‘बलुतं’ घेऊन आले. १९७२ साली पँथर निघाली तेव्हा पोरांचा अड्डा कुठं होता? वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात. तेही वसतिगृहच. व्यवस्थेला वसतिगृहाचं भय वाटतं ते ह्यामुळं. आणि भय वाटलं की ती दोन गोष्टी करते. खाटा मोजून देते, आणि खाटेवरच्या पोराला एकटं पाडते.

खाटा कशा मोजल्यात ते सांगतो. टाकळी ढोकेश्वरला, आमच्याच पारनेर तालुक्यात, जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या शिक्षण धोरणातली ही शाळा, खेड्यातल्या पोरांसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. चांगली गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण सहावीला जागा किती? जास्तीत जास्त ८०. परीक्षा आयुष्यात एकदाच, दोन तासांची. अनुसूचित जातीला निदान १५ टक्के, म्हणजे १२ खाटा. जिल्ह्यात तालुके १४. दोन तालुक्यांनी उपाशी राहायचं! खुल्या जागेतून एखादं पोरगं घुसेल ते त्याच्या हिमतीवर. अकरा वर्षांच्या पोरानं दोन तासांत ठरवायचं की तो हुशार आहे की ठेकेदाराचा आहे. ह्याला हे लोक गुणवत्ता म्हणतात.

आणि आत गेल्यावर? २०१३ ते २०१७ ह्या पाच वर्षांत देशभरच्या नवोदयांत ४९ मुलांनी जीव दिला. त्यातली निम्मी दलित आणि आदिवासी. वर्तमानपत्रानं छापलं, मानवाधिकार आयोगानं नोटीस काढली. ही पोरंही कधीतरी पेटी भरून हसत निघाली होती. पुढं रोहित वेमुला : हैदराबादला आधी त्याला हॉस्टेलबाहेर काढलं, पोरं उघड्यावर झोपली, १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी, तीही हॉस्टेलच्या खोलीत. मी राहिलो त्या हॉस्टेलातले रेक्टर आम्हाला नावानं नाही, ‘सवलतवाले’ म्हणून हाक मारायचे. ताटात डाळ पातळ होती ते विसरलो. ती हाक नाही विसरलो.

आता शहाणे म्हणतात, वेगळी वसतिगृहं कशाला, त्यानं जात वाढते. वा रे वा! गावात आमची वाडी वेगळी, मसणवटा वेगळा, तेव्हा ह्यांच्या लेखणीला शाई नसते. कोल्हापुरात जातीजातीची बोर्डिंगं उभी आहेत, त्यांचे हे वर्धापनदिन साजरे करतात. आमच्या खाटेवर ट्यूब लागली की ह्यांना जात दिसते.

दुसरे शहाणे म्हणतात, स्वाधार आहे ना. २०१६-१७ पासूनची योजना. अकरावीच्या पुढच्या ज्या पोराला वसतिगृहात जागा नाही, त्याला मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार. म्हणजे महिन्याला पाच. त्यात पुण्यात खोली बघ आणि मेस भर! तेही पैसे वर्ष सरता-सरता येणार. आणि घरमालक पहिलं काय विचारतो? आडनाव. म्हणजे सरकारनं खाट बांधायची टाळली आणि अस्पृश्यता पाळायचं कंत्राट घरमालकाला दिलं.

आमची मागणी साधी आहे. मागेल त्या पोराला खाट. स्वाधारचा पहिला हप्ता जूनमध्ये. प्रत्येक निवासी शाळेत पोरांचं ऐकून घेणारा शिकलेला माणूस. भोजन समितीत पोरं. जातीवरून हाक मारणाऱ्यावर त्याच दिवशी फिर्याद.

पेटी भरणाऱ्या पोरांनो, जा. हसत जा. ती खाट तुमच्या आज्यापणज्यांनी मार खाऊन मिळवलीय, तिच्यावर पाय पसरून झोपा. पहिल्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्याचं नाव विचारा, आडनाव नको. कुणी गप्प-गप्प दिसला तर त्याला एकटा सोडू नका. सोलापूरच्या त्या पहिल्या वसतिगृहातल्या पोरांनी स्वतःचं मासिक चालवलं होतं. तुम्ही निदान भिंतीवर कागद लावा.

आणि शहरातल्या मित्रांनो, चौकात जयंतीची वर्गणी गोळा करतो ना आपण? ह्या जूनपासून प्रत्येक छावणीनं एकेक हॉस्टेल धरायचं. महिन्यातून एक रविवार आत जायचं, पोरांच्या पंगतीला बसायचं, त्यांचं ऐकायचं, आणि सोमवारी समाजकल्याणच्या दारात उभं राहायचं. अधिकारी विचारेल, तुम्ही कोण? सांगा, पोरांचे पालक.

जयभीम!